डोंगरदेवीला सगळा मासा दाखवला त्याची हकीकत

१२ डिसेंबर, दुपारचे साडेचार. इंजिनाची करवत पुसून ठेवली, हात धुतले (साबणाचा वास अजून जात नाही) आणि लिहायला बसलो.

ती. सावाए मावशीस,

तुझ्या तोकियाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? पहाटेच्या वाऱ्यात जाळी सुकवायला जाऊ नकोस. मी लाकूडतोड्यांच्या टोळीत टिकलो तो केवळ तुझ्या खोक्यामुळे. (माशामुळे नव्हे, खोक्यामुळे. सांगतो.)

मुकादम निरासावा यांनी बजावलं होतं, "तुझी करवत आज नीट झाली नाही, तर उद्याच्या बसने घर गाठ." तिचं दुखणं असं, की ट्रिगर सोडला तरी ती किंचाळत राही, साखळी फिरतच राही, आणि जरा आडवी केली की खोकून बंद पडे. मी कार्बोरेटरचे स्क्रू पिळत होतो आणि ती दर वेळी नव्या सुरात रडत होती. मुकादम म्हणाले, "स्क्रूला काय छळतोस? देवीला मासा दाखव."

आज देवीचा दिवस. रानात कुणी जायचं नाही, दुकानंही बंद. तू पाठवलेला वाळका ओकोझे मासा खोक्यासकट कोपऱ्यातल्या देवीपुढे ठेवला, नुसतं तोंड बाहेर काढून. (आपल्याहून कुरूप कुणी पाहिलं की देवी खूश होते, म्हणून आधी थोडा मासा दाखवायचा, काम झालं की बाकीचा.) तरी मनाला चैन पडेना. करवत कुठून तरी चोरून हवा ओढते आहे, असा संशय होता. कार्बोरेटर काढला, इंजिनाची तोंडं सायकलच्या ट्यूबचे तुकडे दाबून बंद केली, पंपाने बेताची हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फासलं. कार्बोरेटरची नळी इंजिनाला जिथे चिकटते, तिथून फुगे! आतलं पॅकिंग फाटलं होतं. नवं आणायचं कुठून? तुझ्या खोक्याचा पुठ्ठा अगदी तेवढ्याच जाडीचा. मासा बाहेर काढून देवीपुढे उघडाच ठेवला, पुठ्ठा कापला, बसवला, आणि वर पाहतो तो मुकादम दारात उभे.

"अरे शहाण्या, सगळा मासा दाखवलास?"

"हो."

"शेपटीसकट?"

"हो."

"मग आता ती कशाला काम करील? पाहायचं काही राहिलंच नाही तिला!"

मी कार्बोरेटर परत चढवला आणि दोरी ओढली. करवत सुरू झाली, ट्रिगर सोडला, आणि साखळी थांबली. नुसती मंद गुरगुर. मुकादमांनी ती डावीकडे कलती केली, उजवीकडे केली, नाक खाली केलं. बंद पडेना. बराच वेळ ऐकून म्हणाले, "मासा फारच कुरूप असला पाहिजे. उद्या सकाळी ये कामावर."

मावशी, झाकणावर तू "पोटभर जेव" लिहिलं होतंस. त्यातलं "पोटभर" आता इंजिनात आहे आणि "जेव" माझ्या उशाशी. तुझे उपकार मानावे तेवढे थोडे.

तुझा,
तोकिया

ता. क. मुकादमांची स्वतःची करवत दोन हिवाळे किंचाळते आहे. त्यांना एक मासा हवा आहे. जमेल तितका कुरूप.

ता. क. २. मासा मिळाला नाही तरी चालेल, खोका मात्र तसाच जाड पाठव.

ता. क. ३. "जेव" माझ्या उशाशी आहे हे खरं नाही. मुकादमांनी तो तुकडा चूल पेटवायला म्हणून मागून नेला. मघाशी निखारे आणायला त्यांच्याकडे गेलो, तर तो त्यांच्या ताटाच्या समोर, भिंतीला खिळ्याने ठोकलेला. तेव्हा नव्या खोक्यावर त्यांचंही नाव घाल.