चाळीस सँडविच

नांदेड,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय बुद्धप्रिया,
सप्रेम जय भीम.

पाकिटावर ‘प्रिया’ एवढंच लिहिलंय, काळजी करू नकोस. तुमच्या सोसायटीचा वॉचमन सगळ्यांची पत्रं उलटीपालटी करून बघतो, ते मी पाहिलंय.

इकडे सगळं बरं आहे. अण्णांचा गुडघा दुखतो, पण सकाळचं विहारात जाणं काही चुकवत नाहीत. तू कधी येणार म्हणून विचारतात. मी विषय बदलते.

तुझा मेसेज मिळाला. शेजारच्या शिवकांताबाईंना पुढच्या रविवारी चाळीस ग्रिल सँडविच हवी आहेत, आणि तू म्हणतेस, ‘ताई, ये ना, तुझ्यासारखी मला जमत नाहीत.’ जमतील. लिहूनच देते. ब्रेड आदल्या दिवशीचा घे, ताजा चेपतो. कोथिंबीर-पुदिन्याची चटणी घट्ट वाट. बटाटे पूर्ण गार झाल्यावर कुस्कर, काकडी-टोमॅटोच्या चकत्या फडक्यावर टिपून घे. बटर बाहेरून लावायचं. टोस्टर दाबून ठेवला की कडेची वाफ थांबेपर्यंत उघडायचा नाही. तू सारखी उघडून बघतेस, म्हणून तुझी पांढरी राहतात.

गेल्या महिन्यात हाच टोस्टर मांडीवर घेऊन मी एसटीनं लातूरला आले. बहिणीच्या नव्या फ्लॅटचा कार्यक्रम म्हणून जरीची साडी नेसले होते. तू म्हणालीस, “ताई, बटर लागंल, जुनी नेस की एखादी.” मला ती मायाच वाटली. किती खुळी मी!

मग शिवकांताबाई पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या. बाई भली आहे. तीन सँडविच खाऊन आली होती. म्हणाली, “लई गोड हात हाय तुमचा. नाव काय म्हनायचं?” मी तोंड उघडलं, तोवर तूच बोललीस, “कामाला बोलावलंय मावशीला, आजच्यापुरतं.”

नंतर मी सगळ्यांची भांडी घासली. तू ‘राहू दे’ म्हणाली नाहीस.

राग आहे, खूप आहे. पण निम्मा माझ्यावरच आहे. लातूरला तुम्हाला भाड्यानं घर मिळत नव्हतं, नाव ऐकलं की लोक ‘कालच दिलं’ म्हणायचे, तेव्हा ‘नुसतं प्रिया सांग’ हे मीच तुला शिकवलं. माझ्या नावातून तसं काही काढून टाकायला मी कधी तयार झाले नाही, म्हणून तू मलाच काढून टाकलंस. आणि खरं सांगू? त्या दिवशी तू माझं तोंड दाबलं नव्हतंस. मी आपणहून गप्प बसले, आणि नळ सोडला.

रविवारी मी येणार नाही. टोस्टर तुझ्याकडेच ठेव. अण्णांना काही सांगितलेलं नाही.

शिवकांताबाईंनी पुन्हा विचारलं, तर त्यांना हवं होतं ते नाव खाली लिहिलंय. सांगायचं की नाही, ते तू बघ.

तुझी सख्खी बहीण,
पंचशीला