रिकामा ट्रे

अकोला, मंगळवार, १९६४

काढलेली गाठ ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवायची, ही आमच्या दवाखान्याची रीत. आज रामरावांचं पोट उघडलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर मोठ्या रक्तवाहिनीला घट्ट चिकटला होता. न काढताच पोट शिवलं.

त्यांची बायको दारातच उभी. "डॉक्टरसाहेब, गाठ मले दाखवा ना."

ट्रे रिकामा. आतच आहे, म्हणालो.

आधी औषधानं गाठ आकसवली असती, तर सुटली असती का? कुठे कोणी तसं करून पाहत असेल का? इथं सर्जन मी एकटाच. विचारू कोणाला?

संध्याकाळी रामराव शुद्धीवर आले. "काढली ना जी?"

मी नाडीच बघत राहिलो. बायकोनं मूठ वळून दाखवली.

"येवढी होती. म्या पाह्यली ना, ट्रेमंदी."