टोप्या सगळ्या परत आल्या

१२ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्या प्लॅस्टरमधल्या पायालाही वेगळा नमस्कार.

शहरदर्शन एकदाचं पार पडलं. आज सकाळी सगळ्यांना गाडीत बसवून दिलं. हे पत्र पोचेपर्यंत आत्या तुझ्यापाशी आलेली असेल.

तू शिवून पाठवलेल्या पिवळ्या टोप्यांचं करावं तेवढं कौतुक थोडं. मंडळी दोन्हीकडची. आपले काका-काकू आणि आत्या, शिवाय माझ्या सासरचे झाडून सारे. निम्मी माणसं एकमेकांना लग्नानंतर पहिल्यांदाच भेटत होती. नावं लक्षात ठेवण्यापेक्षा टोप्या मोजणं सोपं. बसमध्ये चढताना, उतरताना, प्रत्येक दारात तुझी भावजय बोट नाचवत टोप्या मोजायची, आणि दर वेळी आकडा बरोबर यायचा. एकही टोपी हरवली नाही.

संग्रहालयात काकांनी फुटकी मडकी पाहून तोंड वाकडं केलं. असली मडकी आपण परसात टाकतो, इथे त्यांना दिवे लावलेत, म्हणाले. मनोऱ्याच्या लिफ्टचं दार बंद होताना किरकिरत होतं. रोजचं पोट लिफ्ट दुरुस्तीवर चालतं, तेव्हा मला राहवेना. खिशातला पाना काढून जरा हात लावला, तर रखवालदाराने मला दंडाला धरून बाहेर काढलं. सासऱ्यांची दाढ सकाळपासून ठणकत होती, ती मात्र जेवताना एकाएकी बरी झाली. बोटीत बसायचं तुझ्या वेळापत्रकात नव्हतं, म्हणून बसलो नाही.

आत्या जरा दमली आहे. तिला फार प्रश्न विचारू नकोस.

आहेस तशीच रागावत राहा, म्हणजे लोभ आहे असं समजेन.

तुझा,
धाकटा

२० मे

चि. धाकट्यास,

अ. उ. आ., पण थोडे हातचे राखून.

आत्या घरी आली त्याला आठवडा झाला. स्वयंपाक करते, माझ्या पायाखाली उशी सरकवते, पण बोलत नाही. कोपऱ्यावर साबण आणायला गेली तरी अर्धा तास पुरेल एवढ्या बातम्या घेऊन येणारी बाई. तिला शहराबद्दल विचारलं की शहर मोठं आहे म्हणते आणि भांडी घासायला उठते. तुम्ही कुणी तिला टाकून बोललात का? आई गेल्यावर आपल्या दोघांच्या वेण्याफण्या, डबे, आजारपणं तिनेच काढली, हे तुला पुन्हा सांगायला लावू नकोस.

दुसरं. तुझ्या मेहुण्याने काढलेला फोटो कालच्या टपालाने आला. मधोमध खुर्चीवर कोट घातलेले एक सडपातळ म्हातारे गृहस्थ आहेत. तुझ्या सासूबाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या आहेत. मला ते तुझ्या सासरचे वाटले. पण काका म्हणाले, माणूस लाख आहे, दात कसे घासावेत हे त्याने फार छान समजावून सांगितलं, मात्र नक्की कोण ते त्यांनाही ठाऊक नाही. त्या गृहस्थांच्या डोक्यावर माझी टोपी आहे. डाव्या बाजूची शिवण जरा तिरकी गेलेली ती. ती मी आत्यासाठी ठेवली होती.

आणि आत्या फोटोत नाही. मी भिंग घेऊन पाहिलं. काकूंच्या मागे पाहिलं, खांबाच्या मागे पाहिलं. नाही म्हणजे नाही.

खरं काय ते लिही. नाहीतर हा पाय असाच घेऊन मी गाडीत बसेन, आणि तुझ्या घराचे चार मजले मला उचलून चढवायची पाळी तुझ्यावर येईल.

मायेत कमी नाही, विश्वासात सध्या थोडी आहे.

तुझी,
ताई

२६ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हा नमस्कार खरोखरच साष्टांग आहे. मी जमिनीवर पालथा पडून लिहितो आहे असं समज.

फोटोतले गृहस्थ आपले कुणीच नाहीत.

संग्रहालयाच्या पायऱ्यांवर आमच्याजवळ आणखी एक गट उभा होता. सगळे निवृत्त दातांचे डॉक्टर, आणि त्यांच्यापुढे हिरवी छत्री उंच धरलेल्या एक बाई. आत्याचा टोपीने अंबाडा चपटा होत होता, ती सकाळपासून कुरकुरत होती. शेजारी हे डॉक्टर उघडं टक्कल घेऊन उन्हात उभे. तिने आपली टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि हात धुवायला आत गेली. तेवढ्यात आमची बस आली. तुझ्या भावजयीने टोप्या मोजल्या, एक मागे रेंगाळते आहे असं पाहिलं आणि तिला आत ओढलं. टोपीखाली कोण आहे हे बघायची सोय तुझ्या व्यवस्थेत नव्हती, ताई.

डॉक्टरांना ऐकू जरा कमी येतं आणि सभ्यता जरा जास्त आहे. आपण चुकून आलो हे सांगायला त्यांनी दोन-तीनदा तोंड उघडलं, पण उघडलं की काकू त्यात काहीतरी खायला घालायची. आम्हाला वाटलं ते सासरचे, सासरच्यांना वाटलं आमचे. जेवताना त्यांनी सासऱ्यांच्या दाढेत अडकलेलं काहीतरी अलगद काढलं, तेव्हा मला एवढंच वाटलं की सासरच्या घराण्यात हुशारी आहे.

इकडे आत्या बाहेर आली तर आम्ही पसार. छत्रीवाल्या बाई आपली माणसं मोजत होत्या. एक म्हातारं माणूस कमी, तेवढ्यात आत्या येऊन उभी राहिली, आकडा जमला आणि त्यांनी तिला बसमध्ये घेतलं. चूक लक्षात आली तेव्हा बस लांब गेली होती. बाई म्हणाल्या, सगळे इथली तीच ठिकाणं बघतात, तुमची माणसं पुढे भेटतील.

आता जे लिहायचं आहे ते लिहवत नाही. संध्याकाळी आम्ही हसत-खिदळत घराच्या दाराशी आलो. मी खिसे चाचपले. किल्ली आत्याकडे होती. जपून ठेवायची प्रत्येक वस्तू आपण तिच्याकडेच देतो ना. किल्ली नाही म्हणून आम्हाला आत्या नाही हे कळलं. आधी आत्या नाही हे कळलं नाही.

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढे सगळे एकदम गप्प झाल्यामुळे डॉक्टरांना प्रथमच बोलायला वाव मिळाला, आणि पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी आपण कोण ते सांगितलं. सासूबाईंनी त्यांचा हात असा सोडला की जणू चटका बसला.

तेवढ्यात खाली टॅक्सी थांबली आणि छत्रीवाल्या बाईंबरोबर आत्या जिना चढून आली. केस वाऱ्याने विस्कटलेले, पदर ओला, गाल लाल. चेहऱ्यावर दिसत होतं की तिला काहीतरी सांगायचं आहे, अगदी ओठांवर आलं आहे. आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "किल्ली कुठे आहे?"

तिने दार उघडलं आणि सरळ चहा ठेवायला गेली. निघताना डॉक्टर स्वयंपाकघराच्या दारात थांबले आणि त्यांनी विचारलं, "तुमचा दिवस कसा गेला?" ती हळूच म्हणाली, "बोटीत बसले." पुढे काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. न्हाणीघरात आधी कोण जाणार यावरून आमचं भांडण चाललं होतं.

मी काय करू ते सांग.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
धाकटा

२१ जून

चि. धाकट्यास,

अ. उ. आ., या वेळी पूर्ण.

मी कळवलं तसा कुणालाही बरोबर न घेता आलास, आल्या आल्या चप्पल काढून तिच्या शेजारी शेंगा सोलायला बसलास आणि दिवस कसा गेला हे विचारलंस, ते बरं केलंस. पण तू संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. मी इथेच आहे. तेव्हापासून ती बोलायची थांबलेली नाही. बोट कशी हलली, लाट कशी आली, एका डॉक्टरीणबाईंची चप्पल कशी वाहून गेली, हे मला आता पाठ आहे. जेवताना गटातल्या डॉक्टरांना कळलं की तिचे सगळे दात स्वतःचे आहेत. मग म्हणे ओळीने येऊन एकेकाने पाहिले आणि एकाने बायकोला पलीकडच्या टेबलावरून बोलावून आणलं. तिला घरी कुणी इतकं निरखून पाहिलेलं नाही.

मनोऱ्याची लिफ्ट बंद होती. मघाशीच कुणी वेड्याने तिच्यात पाना घातला होता, असं रखवालदार सांगत होता. म्हणून ती सगळे जिने चढून वर गेली. हे तिने तुला सांगितलं नसेल, मला काल रात्री भाजी निवडताना सांगितलं. वरून तिला खाली तुमच्या पिवळ्या टोप्या दिसल्या, बसकडे चाललेल्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिने मारली नाही. कठड्याला टेकून तुमची बस जाईपर्यंत बघत राहिली आणि मग दुर्बिणीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. इतके दिवस ती गप्प होती ती एकट्या रागानेच नव्हे. आपण हाक मारली नाही, हे तिला आम्हाला सांगता येत नव्हतं.

मी रागावले नाही. तिच्या हातातली जुडी घेतली आणि मी निवडायला लागले.

दातांच्या डॉक्टरांची मंडळी आता डोंगरावर जाणार आहेत. त्यांनी तिला बोलावलं आहे, टक्कलवाल्यांनी स्वतः लिहून. तिने मला विचारलं नाही, कळवलं. आज सकाळी कुबड्या घेऊन मी तिला बसपर्यंत पोचवायला गेले. मला सांगायचं होतं की स्वेटर घाल, खिडकी लाव, पोचल्यावर लगेच कळव. मी खालून हात हलवत राहिले. बस सुटली तेव्हा ती शेजारच्या बाईंना काहीतरी सांगण्यात इतकी रंगली होती की तिचं माझ्याकडे लक्षच गेलं नाही. मला फार बरं वाटलं.

माया आहे ती आहेच. तूही अधूनमधून तिची खबर विचारत जा.

तुझी,
ताई