नावाड्याच्या मुलीची उरलेली गोष्ट

मी, विष्णू चंद्रशेखर हर्डीकर, वय एकोणसत्तर, निवृत्त यांत्रिक अभियंता, राहणार लिस्ट भाग, हॅनोव्हर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने लिहीत आहे. टाइप केलेले इथे ग्राह्य धरत नाहीत, हे मी नोटारना, म्हणजे इथल्या नोटरीसाहेबांना, तीनदा विचारून घेतले. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. काळजी आहे, पण ती जन्मापासून आहे आणि तिच्यामुळे मृत्युपत्र रद्द होत नाही, असे नोटार म्हणाले.

१. येत्या शनिवारी मी फ्रँकफर्टहून टांझानियाला निघत आहे. तिकडे निघण्याआधी दर वेळी मी मृत्युपत्र करतो. आधीची पाचही याद्वारे रद्द. माझी पत्नी मनोरमा म्हणायची, "अहो, लोक आधी बॅग भरतात, तुम्ही आधी मरून घेता." ती गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेली. तिच्याशिवाय केलेले हे पहिलेच मृत्युपत्र आहे, तेव्हा थोडे लांबले तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

२. राहते घर आणि तळघरातली खोली माझी मुलगी वल्लरी हिला. स्वयंपाकघरातल्या हीटरचा नॉब तीनच्या पुढे फिरवू नये, गळतो. हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, मी चार पत्रे लिहिली आहेत, त्यांच्या प्रती निळ्या फाइलमध्ये आहेत. पाचवे पत्र वल्लरीने लिहावे.

३. बँकेतल्या शिलकीचा अर्धा भाग वल्लरीला. उरलेला अर्धा गोष्टींच्या सहलीसाठी, म्हणजे ज्या घराला तिकीट परवडत नाही त्या घरातले मूल मागे राहणार नाही. ही सहल काय आहे, हे नोटारना दोनदा सांगूनही कळले नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मनोरमा दर गुरुवारी आमच्या स्वयंपाकघरात मुलांना गोष्टी सांगत असे. आधी मराठी मुले यायची, मग खालच्या मजल्यावरची पोलिश, मग शाळेतली कोणीही. आईवडील मुलांना सोडायला म्हणून येत आणि चहाला थांबत. या इमारतीत आम्ही अकरा वर्षे फक्त जिन्यात नमस्कार करत होतो. लोकांची नावे कळली ती या गुरुवारांमुळे. नीमा ही टांझानियातली शिक्षिका इथल्या शाळेत महिनाभर आली होती, तीही एका गुरुवारी आली. जाताना म्हणाली, "आता तुम्ही सगळे आमच्याकडे या." मनोरमाने ते मनावर घेतले. २०१३ साली आम्ही चौदा जण म्वांझाजवळच्या सरोवरकाठी, नीमाच्या गावी गेलो.

आम्ही काय नेले? चाळीस कंपासपेट्या, वह्या, बिस्किटे. पोचल्या संध्याकाळी गावातल्या बायकांनी आम्हाला एकामागून एक तीन गोष्टी सांगितल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, पेट्या वाटल्या आणि उठलो. बायका मात्र बसूनच होत्या. नीमाने हळूच विचारले, "तुमच्याकडे गोष्टी नसतात का?" त्या गावात ऐकणाऱ्यानेही एक सांगायची असते. आपण द्यायला आलो आहोत, या तोऱ्यात आम्ही ते विचारलेच नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मनोरमा मात्र परत चटईवर बसली आणि तिने अर्धी इंग्रजीत, अर्धी हातवाऱ्यांनी एक गोष्ट सांगितली. नीमा ती स्वाहिलीत करत गेली. त्या दिवसापासून आम्ही पाहुणे राहिलो नाही.

४. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे कार्यवाह सुधीर यांना काहीही देऊ नये. "दहा दिवस एकाच गावात काय करायचं? सिंह तरी दाखवा ना," असे ते भर सभेत म्हणाले होते. सहलीचा एक पैसाही स्विमिंग पूल असलेल्या हॉटेलात जाता कामा नये. सुधीर यांना मी साक्षीदार केले आहे, आणि साक्षीदाराला काही मिळू नये अशी आपल्याकडची रीत आहे. हा योगायोग नाही.

५. हत्यारांची पेटी जावई सिद्धांत यांना. त्यांना स्क्रू कुठल्या दिशेने फिरतो हे माहीत नाही, पण माणूस सरळ आहे. औषधांची पेटी सहलीला: ओआरएसची साठ पाकिटे, जुलाबाच्या गोळ्या, डासांचे मलम, लसींची वही. कृपया कोणी हसू नये. पाच प्रवासांत एकही मूल आजारी पडले नाही, ते आपोआप नव्हे.

६. आता जे आधीच्या कुठल्याच मृत्युपत्रात नाही, ते लिहितो.

ऑगस्ट २०२३, नीमाच्या गावात पाचव्या सहलीची शेवटची संध्याकाळ. मनोरमा नावाड्याच्या मुलीची गोष्ट सांगत होती. मुलगी होडीत एकटी आहे आणि नदी तिला विचारते, "तुला पलीकडे नेईन, पण परत आणणार नाही. येतेस?" साठ-सत्तर माणसे होती, एक हलत नव्हते. मुलीने तोंड उघडले, आणि मी टाळी वाजवून म्हणालो, "चला, आटपा. अंधार पडतोय, डास येतील. बसवाला थांबणार नाही."

बसवाला तासभर थांबला असता. मी त्याला नंतर विचारले.

मनोरमा हसली. मुलांना म्हणाली, "उरलेली पुढच्या वेळी." मग तिचे दुखणे निघाले आणि सहा महिन्यांत सगळे संपले. त्या सहा महिन्यांत मी तिच्या गोळ्यांचा तक्ता केला, तपासण्या लावल्या, विमा कंपनीशी भांडलो. मुलीने काय उत्तर दिले, हे विचारले नाही. विचारले असते तर पुढची वेळ येणार नाही हे कबूल केल्यासारखे झाले असते. मी भित्रा माणूस आहे. याची मला लाज वाटते.

७. नीमा दर महिन्याला लिहिते: मुले विचारतात, ती काय म्हणाली? काही मुले म्हणतात, गेली. काही म्हणतात, उतरली. त्यावरून शाळेत दोन तट पडले आहेत. मनोरमाच्या घरातले कोणी येऊन ती पुरी करेपर्यंत तिच्या चटईवर दुसरे कोणी बसणार नाही, असे बायकांनी ठरवले आहे. म्हणून मी निघालो आहे. मला गोष्ट सांगता येत नाही आणि शेवट माहीत नाही. तीन आठवडे झोप नाही. मी सात शेवट लिहून फाडले. सातही सूचनापत्रासारखे वाटत होते.

वल्लरीची मुलगी तनया माझ्यासोबत येणार आहे. वल्लरीने फोनवर ठणकावले, "बाबा, दोन स्टेंट आहेत तुम्हाला! तिथून हॉस्पिटल चार तासांवर. मी तनयाला तुमच्या भरवशावर पाठवतेय की तुम्हाला तिच्या, तेच कळत नाहीये मला."

तिचे बरोबर आहे. डॉक्टर जा म्हणाले, तरी मला त्यांच्या जा म्हणण्याची भीती वाटते. मला तिकडे काही झाले तर तनयाने घाबरू नये, नीमाला सांगावे. तिचा नंबर पासपोर्टच्या पाकिटात, बुटात आणि औषधांच्या पेटीच्या झाकणावर लिहिला आहे.

८. तनया, माझी नात, वय चौदा, कालच माझ्याकडे आली. मराठी कळते, उत्तर जर्मनमध्ये देते. आज जेवताना मी तिच्यापुढे सगळे बोलून टाकले. म्हणालो, "आजीच्या गोष्टीचा शेवट कोणालाच माहीत नाही गं. आता मी तिथे काय सांगू?"

तिने ताटातून मान वर केली. "आबा, इश केने दास एंडं डोख." म्हणजे, मला माहीत आहे की शेवट.

"तुला कसा?"

"क्लिनिकमध्ये आजीला फ्रागेन केलं मी. आयनफाख."

साधे विचारले. एवढेच करायचे होते. मी उठून नळ सोडला आणि भांडी घासत रडलो. ती मागून म्हणाली, "जोल इश एस दिअर एअरत्सेलन?" सांगू का तुला?

मी नको म्हणालो.

९. सबब, नावाड्याच्या मुलीची उरलेली गोष्ट ही माझी मालमत्ता नाही. ती मनोरमाने हयातीतच तनयाला दिलेली आहे, यावर कोणी हक्क सांगू नये. तनया ती आजीच्या चटईवर बसून जर्मनमध्ये सांगेल, मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत करेन आणि नीमा स्वाहिलीत. तिला लागेल तितका वेळ लागेल. डास चावले तर चावू देत.

१०. वारसांना आणि इतर ज्यांचा ज्यांचा संबंध येईल त्यांना विनंती. वरील सर्व कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील, असे कायदा म्हणतो. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदाच एका गोष्टीचा शेवट ऐकायचा आहे, तेव्हा निदान पुढचा आठवडाभर हे मृत्युपत्र कोणालाही लागू नये.

हे मी वाचून, समजून, राजीखुशीने सही केली.

विष्णू चंद्रशेखर हर्डीकर

साक्षीदार:
१. वासंती दामले, शेजारीण
२. सुधीर पळसुले (कलम ४ वाचले. हरकत आहे. तरी सही करतो.)

हॅनोव्हर, मंगळवार, २९ जुलै २०२५