अंगठ्याचं बँडेज

मूंटा,
९ डिसेंबर १९५८

ती. ग्वेन मावशी,

तू शिकवलंस तशी पाठ ताठ आणि मनगटं सैल ठेवून केलेला नमस्कार पोचावा. गुडघे काय म्हणतात? ॲडलेडच्या डॉक्टरनं दिलेलं तेल लावतेस, की नुसती मांजर मांडीवर घेऊन बसतेस? (मांजरानंच जास्त गुण येतो, असं मागे तूच लिहिलं होतंस.) मी ठणठणीत आहे. उकाडा मात्र असा, की पियानोची एखादी पट्टी खाली गेली की वर यायला आढेवेढे घेते.

शिकवणी कशी चाललीय, असं विचारलं होतंस. मावशी, फुशारकी मारत नाही (मारतेय, पण तुझ्याकडे नाही मारायची तर कुणाकडे?), या गावात माझ्यासारखं शिकवणारी दुसरी नाही. (दुसरी शिकवणारीच नाही, हे खरं. तरीसुद्धा.) पहिला महिनाभर मी पियानोचं झाकण उघडूच देत नाही. अंगणातल्या बदामाच्या झाडाभोवती मात्रा मोजत चालायचं, टाळ्या वाजवायच्या, गाणं आधी तोंडानं म्हणायचं. आया कुरकुरतात, पोरीला पियानो शिकायला धाडलं आणि ही बाई तिला झाडाभोवती फिरवतेय म्हणून. फिरवतेय तर फिरवतेय! पायातच नाही तर बोटांत कुठून येणार? पुढे मग माझे तीनच नियम. चुकलं तरी थांबायचं नाही आणि ‘सॉरी’ म्हणायचं नाही. जो म्हणेल त्यानं बदामाला एक फेरी मारून यायची. आणि नाव पुकारलं की उठायचं. ‘माझी तयारी नाही झाली’ हे कारण माझ्या घरात चालत नाही. पंधरा वर्षांत चाललेलं नाही.

यंदा मला एक चौसष्ट वर्षांचा विद्यार्थी मिळाला. जाबेझ पोलग्रीन, गहू पिकवतो. हॅट दोन्ही हातांत धरून दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘बाई, आमची हेट्टी भांडी घासताना चर्चमधलं एक गाणं गुणगुणते. चाळीस वर्षं ऐकतोय. एकदा तिला वाजवून दाखवायचंय.’ असल्या माणसाला नाही कोण म्हणणार? त्यालाही बदामाभोवती फिरवला. शेजारीण कुंपणावरून बघत होती, बघू दे. वसंतात गडी बरा तयार झाला. मग कापणी सुरू झाली आणि सहा आठवडे त्याला यायला जमेना. घरी पियानो नाही. तेव्हा तू आम्हाला सांगायचीस तेच मी सांगितलं, की स्वयंपाकघरातल्या टेबलावर खडूनं पट्ट्या आखून घे आणि त्यांच्यावर बोटं चालव. त्यानं आखल्या. पण त्याची बोटं ही अशी जाड, पट्टीवर एक ठेवलं तर शेजारणीलाही धक्का लागतो. तेव्हा त्यानं प्रत्येक पट्टी थोडी ऐसपैस आखली. (जन्मभर स्वतःचं कुंपण स्वतः घालणारा माणूस; दुसऱ्यानं आखलेल्या जागेत अंग चोरून कशाला बसेल?) मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सहा आठवडे रोज जेवणानंतर तो त्या टेबलावर रियाज करत होता, आणि हेट्टीला वाटत होतं की म्हाताऱ्याला कंपवात झाला.

शनिवारी विद्यार्थ्यांचा वार्षिक कार्यक्रम होता. हॉल गच्च भरला होता, मागे चहा आणि पेस्टी. (पेस्टीच्या सारणातलं सलगम मीच चिरलं होतं. ते चिरताना दर वर्षी कार्यक्रमाच्या दिवशीच माझा अंगठा कापतो आणि शेवटी बाईंनी काहीतरी वाजवावं हा लोकांचा आग्रह तेवढ्यावर टळतो. योगायोग.) जाबेझचं नाव पुकारलं. उठला, बसला, आणि सुरुवात केली. पहिल्याच उडीला उजवा हात दोन पट्ट्या पलीकडे जाऊन पडला, डावा तीन. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण खरोखरच वाकडं होतं गं! बाहेर जे पडत होतं ते गाणं होतं की शेळ्या पत्र्यावर चढल्या होत्या, देव जाणे. पण माझा विद्यार्थी थांबला नाही. सॉरी म्हणाला नाही. तीन कडवी आहेत, तीनही वाजवली. दुसऱ्या कडव्याला पहिल्या रांगेतल्या हेट्टीनं गाणं ओळखलं, कशावरून ते तिलाच ठाऊक, आणि ती बरोबर चालीत गुणगुणायला लागली. तिसऱ्याला सगळा हॉल गात होता. जाबेझचे कान लाल झाले होते आणि मी रडत होते. हो, रडत होते.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच सात वर्षांची नेरिडा, माझीच विद्यार्थिनी, खणखणीत आवाजात म्हणाली, ‘बाई, सकाळी खुर्च्या लावताना तुमचं बँडेज डाव्या हाताला होतं.’

मावशी, चांगला ड्रेस घालताना मी ते बदललं होतं. बांधताना घाईत हात चुकला.

जाबेझ अजून पियानोजवळच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हॅट काखेत मारली, आणि मी पुकारते अगदी तस्सं माझंच नाव पुकारलं, ‘थर्झा ट्रेम्बाथ!’ आणि मी काय म्हणावं? म्हणाले, माझी तयारी नाही झाली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पुढे ‘सॉरी’ही म्हणाले. पोरं आनंदानं किंचाळली. हॉलजवळ बदाम नाही, म्हणून हेट्टीनं मला पाण्याच्या टाकीला फेरी मारायला लावली. वर म्हणते, ‘आणि येताना वाजवायची तारीख ठरवून या!’ उंच टाचांच्या बुटांत फेरी मारली आणि ठरवून आले. पंधरा फेब्रुवारी, रविवार, चर्चमध्ये सुगीच्या प्रार्थनेनंतर.

तर असं आहे. मला काही वाटत नाही. पंधरा वर्षं लोकांना शिकवलं, तेव्हा एक गाणं वाजवणं म्हणजे डाव्या हाताचा मळ. गुडघ्यांना जप.

तुझी भाची,
थर्झा

ता. क. शनिवारची बस थेट चर्चपुढे थांबते. तू आलीस तर बरं होईल, पानं उलटायला कोणीतरी लागेलच. मांजर आणलंस तरी चालेल.

ता. क. दुसरा. एकोणिसाव्या वर्षी ॲडलेडच्या त्या मोठ्या हॉलमध्ये मी मध्येच थांबले, लोकांना सॉरी म्हणाले आणि बाजूच्या दारानं निघून गेले. तू तिसऱ्या रांगेत होतीस. मला आइस्क्रीम खायला नेलंस आणि आजतागायत त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. माझे नियम तिथून आले आहेत. त्यानंतर मी चारचौघांत वाजवलेलं नाही. मला भीती वाटते, मावशी. फार वाटते.

ता. क. तिसरा. जाबेझचंच गाणं वाजवणार आहे. ते एकाच पानाचं आहे. तरी ये.