काखेतली झालर

४ जानेवारी, कोसाड, सुरत
पोहोचले एकदाची. दगा, माझा मुलगा, स्टेशनावर आला होता. हजीऱ्याच्या कारखान्यात ड्युटी, राहणंही तिकडंच, म्हणून मला जिन्याशीच सोडून पळाला. चौथा मजला, लिफ्ट नावाला. नात गायत्री गळ्यातच पडली. आई नाही पोरीला. हाडं दिसतात नुसती. कळण्याचं पीठ, बिबड्या आणल्यात. महिन्याभरात गाल वर काढते तिचे. फ्रिजमध्ये लोणच्याच्या जागी किड्यांच्या बाटल्या. कॉलेजात हेच शिकते म्हणे.

६ जानेवारी
गायत्रीनं भिंगाखाली दाखवलं. डांगातल्या ओढ्यात दगडाखाली राहतो हा किडा. दोन शेपट्या, प्रत्येक पायाला दोन नखं, काखेत झालर. त्या झालरीनंच पाण्यात श्वास घेतो. तीन शेपट्या, एक नख असेल तर तो दुसरा. मी चिमट्यानं वेगळे करून दिले. पोरगी म्हणाली, मोठी माय, तुला नोकरीच लावते. म्हटलं, आधी भाकरी खा, मग लाव.
एक जिवंत होता. झालर काखेत अन् मानेलाही. पुस्तकात बसत नाही म्हणून खूश होऊन तिनं बोटानं उचलला. कडकडून चावला.

९ जानेवारी
गायत्रीच्या काखेत गाठ. काखमांजरी, दुसरं काय! कणीक-हळदीचं कढत पोटीस बांधलं. किंचाळली. बांधूनच ठेवलं, आमच्याकडं असंच फुटतं. या थंडीत दिवसभर गार पाण्यानं न्हाते. खालच्या कलाबाईनं जिन्यात विचारलं, पोरगी घराबाहेर दिसत नाही, दिवस गेले की काय? म्हटलं, तुझी सून दोनदा माहेरी पळाली, ते आधी निस्तर.

११ जानेवारी
पोटीस सोडलं. गाठ नव्हती. पांढरी झालर. आत-बाहेर हलणारी. अर्धी माझ्या पोटिसानं भाजलेली.
त्यातूनच श्वास घेत होती पोर. मी कणीक थापून बसले.
डॉक्टर म्हटलं तर हात झटकला. तिची नखं मधून दुभंगलीत, एकाची दोन.

१२ जानेवारी
खात नाही. न्हाणीतल्या ड्रमात बसते, पाणी गळ्यापर्यंत. दगाला फोन केला. म्हणाला, उत्तरायणाला, संक्रांतीच्या सुट्टीत येतो, तोवर तू आहेस ना. आहे म्हटलं. काय सांगू त्याला? तुझी लेक—

१४ जानेवारी
सकाळपासून गच्चीगच्चीवर भोंगे, पतंगांचा गलका. दगा अजून यायचाय. न्हाणीचं दार उघडं. ड्रम रिकामा.
भिंतीला गायत्री चिकटलेली. हात लावला. पोकळ. पाठीत उभी चिरलेली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. ओठावरचा तीळसुद्धा आहे. काख पाहिली. भाजल्याचा डाग आहे.
तिचीच कात. मग ती—

दुपार
गॅलरीच्या दाराबाहेर कोणी थापा मारतंय. हातानं नाही. पोट आपटल्यासारखं. चौथ्या मजल्यावर, बाहेरून.
हाक मारते. मोठी माय म्हणून. आवाज तिचाच. थंडी वाजते म्हणते. भूक लागली म्हणते.
कलाबाईला ओरडले. या गलक्यात कोण ऐकतं.
काचेतून काख पाहिली. डाग नाही. कोरी आहे. माझी की नाही, कशी ओळखू—
पुन्हा म्हणाली भूक लागली.
काखा बघून नात ओळखतात का कुठं.
कडी काढली. दार वीतभर. हात आत आला. धरला. गार, ओला. दुसराही आला. डाव्या हातात धरलेत दोन्ही, उजव्यानं लिहिते. आता खालून तिसरा हा—