अंगावरचं माप

३ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू बोलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र हाती आलं की तू चष्मा लावून दोनदा वाचतेस, हे मला माहीत आहे.

तू नको म्हणत होतीस, तरी मी छाती कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं, त्याला आज नऊ दिवस झाले. टाके ठीक आहेत, ताप नाही. डॉक्टरीणबाईंनी नियमांची यादीच हातात ठेवलीय. उंच उशांवर उताणं झोपायचं, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, भरलेली किटली उचलायची नाही, आधाराची घट्ट ब्रा दिवसरात्र अंगावर. मी नियम पाळणारी बाई नव्हे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! पण या वेळी एकही मोडणार नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघांनी सगळं घरच खाली उतरवलं. चहा-साखरेचे डबे, टॉवेल, औषधं, सगळं कमरेच्या उंचीवर. तुझ्या जावयाने गणिताच्या मास्तराला शोभेल असा उशांचा उतार मोजून रचलाय, तीन पाठीशी, एक गुडघ्यांखाली आणि कुशीवर वळू नये म्हणून दोन्हीकडे एकेक. राहिली फक्त पुढच्या दाराची वरची कडी. काल तो मागच्या दाराने सायकल काढून, त्याला बाहेरून कुलूप घालून शाळेत गेला आणि पुढची कडी काढायला विसरला. शेजारीण सूप घेऊन आली. ती बाहेर, मी आत! शेवटी सूप खिडकीतून आलं.

सहा आठवड्यांनी मला कापड कापायच्या टेबलाशी उभं राहायचंय. गेल्या वर्षी छातीच्या ओझ्याने खांदे दबून, बोटांना मुंग्या येऊन दोनदा कात्री हातातून सुटली आणि एका कोटाची बाही वाया गेली. हे तुला सांगितलं नव्हतं, आता सांगितलं. तू बघायला येणार नाहीस, हेही निक्षून सांगितलंस. ते मात्र मला लागलं.

राग आहे तर पत्रात रागव, पण लिही. लोभ आहेच, या खेपेला तो जरा वाढवावा, ही विनंती.

तुझी,
चिंधी


१० मार्च

चि. चिंधी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. एकदाच वाचलं.

जन्मभर लोकांचं कापड कापलंस, आता स्वतःवरच कात्री चालवून घेतलीस. मला ते पटलेलं नाही आणि पटल्याचं सोंग मला जमत नाही. तेच ओझं घेऊन मी चाळीस वर्षं मशीनवर बसले. पाठ भरून आली की घटकाभर भिंतीला टेकायचे आणि पुन्हा पायडल मारायचे. अंगचं होतं, ते निभावलं. धडधाकट माणूस आपणहून चिरून घेतं का? कुणी विचारलं तर तुला पाठीचं दुखणं आहे, एवढंच मी सांगते.

कुशीवर वळू नकोस. किटली अर्धीच भर. सूप घ्यायला खिडकीतून वाकली असशील, तसलं पुन्हा करायचं नाही. कडीचं जावयाला दोन शब्द सुनाव. पोरांकडून पाढे पाठ करून घेतो आणि स्वतःला एक कडी आठवत नाही.

मी येणार नाही. गुडघे दुखतात हे एक, आणि मला ते बघवणार नाही हे खरं.

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, रागासकट घे.

आई


१७ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

एकदाच वाचलेल्या पत्रातली किटली, खिडकी आणि कडी बरी लक्षात राहिली गं तुझ्या!

आता माझी फजिती ऐक. डोक्यावरून काही घालायचं नाही, म्हणून ऑपरेशनच्या आधी मी पुढून उघडणारे चार सदरे शिवून ठेवले होते. इतके दिवस जाड पट्ट्यांमुळे काही कळलं नाही. काल पट्ट्या निघाल्या, सदरा घातला आणि बघते तर काय, चारही सदरे मी जुन्याच मापाने कापलेत! वीस वर्षं पाठ असलेलं माप, हात आपोआप चालला. एकात मी आणि तुझा जावई, दोघं मावलो असतो. तो हसला, मीही हसले, टाके ओढले गेले आणि मग मला रडूच फुटलं. अंगावरून माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा तू शिकवलेला पहिला धडा. पण हे अंग तेव्हा नव्हतंच, तर मोजणार काय! जावयाने हौसेने टेप घेतला, तर तो उलट्या टोकाकडून वाचायला लागला. पाठीमागे माझे हात अजून जात नाहीत.

रडले म्हणून पस्तावले असं समजू नकोस. आज सकाळी आरशासमोर उभी राहिले आणि पाठ आपणहून सरळ झाली. लहानपणी मी मशीनखाली चिंध्यांशी खेळायचे आणि दमले की तुझ्या मांडीवर येऊन तुझ्या खांद्यावरच्या खळग्यांत बोट घालून बसायचे. ते ब्राच्या पट्ट्यांनी पडलेत हे मला ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या आईला असतात असं वाटायचं. चौदाव्या वर्षी माझ्याही खांद्यांवर वळ उठायला लागले, तेव्हा कळलं. तू निभावलंस, मला निभावायचं नव्हतं. तुझी माफी मी मागणार नाही. तू मात्र मला हवी आहेस.

गुडघ्यांना तेल लाव, आणि माझ्यावरचा लोभ उसवू देऊ नकोस.

तुझी,
चिंधी


२४ मार्च

चि. चिंधी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. बरं, तीनदा.

तू सात वर्षांची असताना एका डॉक्टरांनी मला हेच ऑपरेशन सुचवलं होतं. तारीख ठरली होती. कपड्यांची पिशवी घेऊन मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले. लोक काय म्हणतील, पोरीकडे कोण बघेल, असं मनात आलं आणि परत फिरले. रिकाम्या हातांनी कशी येऊ, म्हणून वाटेत बिस्किटं घेतली. तू ती उड्या मारत खाल्लीस. तुझ्या बाबांनाही मी हे कधी बोलले नाही. तू त्या फाटकातून आत गेलीस आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो राग तुझा नव्हता गं, माझा मलाच होता.

सदरे उसवायला बसू नकोस, हात ताणले जातात. गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. टेप, खडू आणि माझी कात्री आणते आहे. बघणार नाही म्हणाले होते, पण न बघता माप घेता येत नाही, हे मीच तुला शिकवलंय. माझ्या मापांच्या वहीत तुझं पान आहे. त्यावरची जुनी ओळ मी आज खोडली. नवी तुझ्यासमोर लिहीन.

भेटीत उरलेलं बोलू. तोवर उशा सोडू नकोस.

आई

ता. क. बुधवारी रात्री पुढच्या दाराची वरची कडी लावूच नका, जावयाला बजावून सांग. मी आले की तू हात वर करून उघडायला धावशील.